तीन हर्ट्झचे शिखर : एका धुराड्याच्या वारंवारितेचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

एका औद्योगिक संयंत्रातील सुमारे ८० मीटर उंच आणि ३.२ मीटर व्यासाच्या पोलादी धुराड्यावर कंपनमापन यंत्रणा बसवण्याचे काम एका छोट्या पथकाकडे आले होते. पथकात एक रचना अभियंता, एक मापन अभियंता आणि माहिती गोळा करणारी आज्ञावली लिहिणारी एक अभियंती होती. संयंत्राच्या बाजूने देखभाल पर्यवेक्षक त्यांच्यासोबत होते. ओळख पटेल असे तपशील येथे गाळले असून परिमाणे जवळच्या सोयीच्या आकड्यांत आणली आहेत. आकड्यांची परस्पर प्रमाणे मात्र मूळचीच ठेवली आहेत, कारण सगळे प्रकरण त्या प्रमाणांवरच उभे आहे.

प्रश्न साधा होता. वारा गोल खांबाला वळसा घालून जातो तेव्हा खांबाच्या मागे आळीपाळीने दोन्ही बाजूंना भोवरे सुटतात आणि प्रत्येक भोवऱ्यागणिक खांबाला आडवा हिसका बसतो. ताणलेल्या तारांवरून हवा जाताना निघणाऱ्या सुरांचा अभ्यास करताना स्ट्रॉहाल यांनी १८७८ साली दाखवून दिले, की या हिसक्यांची वारंवारिता वाऱ्याच्या वेगाच्या सम प्रमाणात आणि खांबाच्या व्यासाच्या व्यस्त प्रमाणात असते. गोल खांबासाठी त्या प्रमाणाचा अंक साधारण ०.२ धरतात. ही वारंवारिता धुराड्याच्या स्वतःच्या नैसर्गिक वारंवारितेशी जुळली, की अनुनाद होतो आणि धुराडे वाऱ्याच्या दिशेला आडवे झुलू लागते. असे ज्या वेगाला होते तो क्रांतिक वेग. नैसर्गिक वारंवारितेला व्यासाने गुणून ०.२ ने भागले, की तो मिळतो. हा वेग नेहमीच्या वाऱ्याच्या टप्प्यात येत असेल, तर धुराड्याच्या वरच्या भागावर सर्पिल पट्ट्या बसवाव्या लागतात किंवा टोकाशी अवमंदक, म्हणजे झुलणे शमवणारे वजन, टांगावा लागतो. तो टप्प्याच्या फार वर असेल, तर या दोन्ही खर्चांची गरज उरत नाही. म्हणजे सगळा निर्णय एका आकड्यावर येऊन ठेपला होता : पहिली नैसर्गिक वारंवारिता किती?

हा आकडा दोन ठिकाणांहून मिळणार होता. एक, मूळ संकल्पनाच्या गणितवहीतील तक्ता, ज्यात पहिल्या तीन कंपनप्रकारांसाठी (धुराडे ज्या वेगवेगळ्या आकारांत वाकून झुलू शकते त्यांसाठी) ३.०२, १८.९ आणि ५२.९ असे आकडे होते. स्तंभाच्या मथळ्यात ‘वारंवारिता’ एवढेच लिहिलेले होते आणि एकक कुठेही नव्हते. दुसरे, धुराड्याच्या टोकाजवळ बसवलेल्या बिनतारी त्वरणमापकांची नोंद. याशिवाय धूर खेचणाऱ्या पंख्याची गती मिनिटाला ९०० फेरे, म्हणजे ६० ने भागून १५ हर्ट्झ (सेकंदाला १५ आवर्तने), हीसुद्धा माहीत होती. या पंख्याने पुढे पथकाला नको तितका दिलासा दिला.

पहिली अडचण : मिली की मेगा

त्वरणमापकाच्या मांडणी-फाइलमध्ये वारंवारितेच्या ओळी एकाखाली एक होत्या आणि प्रत्येक ओळीचे एकक वेगळे होते : रेडिओ २.४ गिगाहर्ट्झ, प्रक्रियक १६ मेगाहर्ट्झ, घड्याळाचा स्फटिक ३२.७६८ किलोहर्ट्झ, सॅम्पलिंग (सेकंदाला घेतलेले नमुने) १०० हर्ट्झ आणि हाय-पास फिल्टरची, म्हणजे ठरावीक सीमेखालची कंपने गाळणाऱ्या चाळणीची, सीमा १०० मिलिहर्ट्झ. (स्फटिकाचा आकडा विचित्र दिसला, तरी त्याला कारण आहे. ३२,७६८ म्हणजे दोनाचा पंधरावा घात. पंधरा वेळा निम्मे केले, की बरोबर १ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला एक ठोका, उरतो.) एकाच उपकरणात मिलीपासून गिगापर्यंतचे उपसर्ग एकत्र नांदतात, हे या विषयात नेहमीचेच आहे.

ही फाइल वाचणाऱ्या आज्ञावलीने सर्व एकके आधी कॅपिटल अक्षरांत बदलली आणि मग तक्त्यात शोधली. एककांच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत किलोच्या वरच्या उपसर्गांची चिन्हे कॅपिटल आणि किलो व त्याखालच्यांची स्मॉल असतात. म्हणजे मेगा आणि मिली यांच्या चिन्हांत अक्षर एकच आहे आणि फरक केवळ त्याच्या आकाराचा आहे. तो आकार पुसला गेल्यावर १०० मिलिहर्ट्झचे १०० मेगाहर्ट्झ झाले : ०.१ हर्ट्झच्या जागी दहा कोटी हर्ट्झ, म्हणजे एक अब्ज पटीची चूक.

ही चूक लगेच उघडी पडली. उपकरण ०.०५ ते २० हर्ट्झ एवढ्याच सीमा स्वीकारत होते. त्याने मूल्य नाकारले आणि नोंदीत ‘मर्यादेबाहेर’ असा शेरा टाकला. अभियंतीने कारण शोधून रूपांतराचा भाग नीट केला. अक्षरांचा आकार जपायचा आणि तक्त्यात नसलेले एकक आले तर अंदाज न लावता थांबायचे, असा तो बदल होता. येथपर्यंतची हाताळणी निर्दोष म्हणावी लागेल.

याच वेळी एक छोटा निर्णय घेतला गेला, ज्याकडे नंतर कोणीच वळून पाहिले नाही. काम अडू नये म्हणून मापन अभियंत्याने फिल्टरची ओळ फाइलमधून तात्पुरती काढली होती आणि उपकरण स्वतःच्या मूळ मांडणीवर, म्हणजे १ हर्ट्झच्या सीमेवर, चालू ठेवले होते. आज्ञावली दुरुस्त झाली, पण ती ओळ परत घातली गेली नाही. तक्त्यातला सर्वांत लहान आकडा ३.०२ असल्यामुळे १ हर्ट्झखालचे काही गाळले गेल्याने बिघडणार नाही, असे त्यामागचे तर्कशास्त्र होते. तक्त्यातले आकडे हर्ट्झमध्ये आहेत हे गृहीत धरले, तर ते तर्कशास्त्र बिनचूकही होते.

मूळ समस्या : मापनाने गणिताला दिलेला दुजोरा

यंत्रणा सुरू झाल्यावर स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे कोणत्या वारंवारितेला किती कंपन आहे हे दाखवणाऱ्या आलेखात, ३.० हर्ट्झच्या आसपास एक स्पष्ट शिखर दिसले. पंख्याचे शिखर अपेक्षेप्रमाणे बरोबर १५ हर्ट्झवर होते, त्यामुळे आडव्या अक्षाचे अंशांकन चोख आहे याची खात्री पटली. तक्त्यात ३.०२, नोंदीत ३.०, दोन स्वतंत्र मार्गांनी एकच उत्तर आले, असे पथकाने मानले. त्यावरून क्रांतिक वेग ४८.३ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी सुमारे १७४ किलोमीटर निघाला. असा वारा वादळातच वाहतो आणि वादळाचा वारा क्वचितच इतका एकसारखा असतो, की भोवरे ठरावीक तालात सुटत राहावेत. सर्पिल पट्ट्यांची गरज नाही, असा मसुदा अहवाल तयार झाला.

तक्त्यातले आकडे प्रत्यक्षात कोनीय वारंवारितेचे, म्हणजे रेडियन प्रति सेकंद या एककातले होते. एका पूर्ण आवर्तनात २π, म्हणजे ६.२८३, रेडियन असतात. म्हणून हर्ट्झमध्ये आणायला ६.२८३ ने भागावे लागते. ३.०२ ला तसे भागले, की ०.४८ हर्ट्झ किंवा ४८० मिलिहर्ट्झ येतात. धुराड्याचा खरा पहिला कंपनप्रकार तोच होता. आणि ०.४८ हर्ट्झला क्रांतिक वेग येतो ७.७ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी सुमारे २८ किलोमीटर : कुठल्याही उघड्या जागी वारंवार वाहणारा वारा.

मग स्पेक्ट्रममधले ३ हर्ट्झचे शिखर कशाचे होते? या प्रकरणातला सर्वांत लक्षात ठेवण्याजोगा भाग हाच आहे. एका टोकाला पक्क्या बसवलेल्या आणि सर्वत्र सारख्या जाडीच्या खांबाचा दुसरा कंपनप्रकार पहिल्याच्या ६.२७ पट वारंवारितेचा असतो. हा आकडा खांबाच्या समीकरणातून येतो आणि २π शी त्याचा काही संबंध नाही. पण तो ६.२८३ च्या इतका जवळ आहे, की पहिल्या प्रकाराची रेडियनमधली वारंवारिता चुकून हर्ट्झ म्हणून वाचली, तर ती थेट दुसऱ्या प्रकारावर जाऊन बसते. येथे खरा दुसरा प्रकार ३.०१ हर्ट्झवर होता आणि चुकीने वाचलेला पहिला ३.०२ वर. पथक त्या वेळी १०० हर्ट्झने घेतलेल्या १,०२४ नमुन्यांचा, म्हणजे सुमारे दहा सेकंदांचा, तुकडा वापरत होते. अशा तुकड्यातून ०.१ हर्ट्झपेक्षा बारीक फरक दिसतच नाही. शतांशातला फरक कळण्याची सोयच नव्हती.

खरे पहिले शिखर दिसायला हवे होते, पण ते दडपले गेले होते आणि त्याला दोन कारणे होती. १ हर्ट्झवर बसलेला चौथ्या घाताचा बटरवर्थ (एक प्रचलित प्रकारचा) फिल्टर ०.४८ हर्ट्झच्या कंपनाचा जेमतेम ५ टक्के अंश पुढे जाऊ देतो. शिवाय त्वरणमापक त्वरण मोजतो आणि तेवढ्याच सरकण्याला त्वरण वारंवारितेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून सारख्याच हेलकाव्याला दुसरा प्रकार पहिल्याच्या ३९ पट मोठा दिसतो. अब्ज पटीची चूक सुधारताना तात्पुरती काढलेली एक ओळ सहा पटीच्या चुकीवर अशी पांघरूण घालून बसली.

खुणा दुसरीकडेही होत्या. तक्ता हर्ट्झमध्ये असता, तर १८.९ वर शिखर मिळायला हवे होते, ते नव्हते. पंख्याचे १५ हर्ट्झचे शिखर जवळच असल्याने ते झाकले गेले असावे, अशी समजूत करून घेतली गेली. उलट ८.४ हर्ट्झवर एक शिखर होते, ज्याचे तक्त्यात काहीच स्पष्टीकरण नव्हते. ते वरच्या कठड्याचे किंवा शिडीचे असावे असे मानले गेले. ५२.९ ला ६.२८३ ने भागले की ८.४ येतात, म्हणजे ते तिसऱ्या कंपनप्रकाराचे शिखर होते. पण ‘५२.९ हर्ट्झ’ सॅम्पलिंगच्या निम्म्यावर संपणाऱ्या मोजमापाच्या मर्यादेच्या, म्हणजे ५० हर्ट्झच्या, बाहेर पडत असल्याने तिसऱ्या प्रकाराचा शोधच कोणी घेतला नाही. एक जुळणारे शिखर मिळाल्यावर दोन न जुळणाऱ्या गोष्टींना कारणे चिकटवून दिली गेली. मसुद्यातील सर्वांत कच्चा दुवा माझ्या मते हाच. एककाची मूळ चूक त्यामानाने क्षम्य होती.

शंका कोठून आली

मसुदा वाचून देखभाल पर्यवेक्षकांनी एकच हरकत घेतली. “साहेब, मध्यम वारा असला की टोक डुलताना खालून डोळ्यांनी दिसतं. सावकाश डुलतं ते, थरथरत नाही.” त्यांनी खालून एका स्थिर खांबाच्या कडेशी टोकाची रेषा धरून मनगटी घड्याळावर दहा हेलकावे मोजले होते आणि त्यांना सुमारे २१ सेकंद लागले होते. एका हेलकाव्याला २.१ सेकंद, म्हणजे ०.४८ हर्ट्झ. ३ हर्ट्झ असते, तर दहा हेलकावे साडेतीन सेकंदांच्या आत संपले असते.

रचना अभियंत्याची पहिली प्रतिक्रिया अशी होती, की उघड्या डोळ्यांच्या निरीक्षणापेक्षा यंत्राची नोंद अधिक विश्वासार्ह. मापन अभियंत्याने मात्र कागदावर एक छोटे गणित केले. खालून दिसावे म्हणजे टोक मध्यापासून किमान ५ सेंटिमीटर तरी सरकत असले पाहिजे. एवढे सरकणे ३ हर्ट्झने होत असेल, तर टोकाचे त्वरण १८ मीटर प्रति वर्गसेकंदाच्या घरात, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या जवळपास दुप्पट, जाईल. वरच्या मचाणावरची सुटी अवजारे उडून पडतील. तेवढेच सरकणे ०.४८ हर्ट्झने असेल, तर त्वरण ०.४५ मीटर प्रति वर्गसेकंद एवढेच राहते. नोंदीत पहिल्या आकड्याच्या आसपासचेही काही नव्हते. एवढे पाहिल्यावर चर्चा ‘कोणाचे बरोबर’ यावरून ‘यंत्राला काय दिसत नाही’ यावर आली.

पर्याय

पथकासमोर चार वाटा होत्या. नोंद तशीच मानून अहवाल कायम ठेवणे ही पहिली. ती कोणी गांभीर्याने मांडली नाही. दुसरी वाट म्हणजे कारण न शोधता सुरक्षिततेच्या बाजूने झुकून पट्ट्या बसवून टाकणे. हिच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच होते, कारण वेळ वाचला असता आणि निष्कर्षही शेवटी तोच निघाला. पण पट्ट्यांमुळे धुराड्यावरचा वाऱ्याचा सरळ दाब बराच वाढतो आणि तो पाया व नटबोल्टांवर येतो. शिवाय चुकीचा आकडा नोंदवहीत तसाच राहिला असता आणि पुढच्या कोणाला तरी पुन्हा अडखळावे लागले असते.

तिसरी वाट, मापन दुरुस्त करून नव्याने नोंद घेणे. चौथी, आराखड्यावरून वारंवारिता पुन्हा हाताने काढणे. पथकाने या दोन्ही एकत्र निवडल्या. दोन्ही कामे दोन वेगळ्या व्यक्तींनी एकमेकांचे उत्तर न पाहता करायची, असे ठरले. पहिल्या वेळी मापन करणाऱ्याला तक्त्यातला आकडा आधीच ठाऊक होता आणि ३ हर्ट्झचे शिखर दिसताच शोध थांबला होता. हे ध्यानात घेता ही अट योग्यच होती.

केलेली कार्यवाही

फिल्टरची ओळ १०० मिलिहर्ट्झ या मूल्यासह परत घालण्यात आली आणि उपकरणाने ते मूल्य खरोखर स्वीकारले आहे का, हे उपकरणाकडूनच परत वाचून तपासले. नोंदीचा तुकडा १,०२४ वरून ३२,७६८ नमुन्यांवर नेला, म्हणजे सुमारे ३२८ सेकंदांचा केला. त्यामुळे सूक्ष्मता सुमारे ३ मिलिहर्ट्झवर आली. नव्या स्पेक्ट्रममध्ये ४८० मिलिहर्ट्झवर उंच आणि अरुंद शिखर उभे होते, ३.०१ हर्ट्झवर दुसरे, ८.४ वर तिसरे.

हाताच्या गणितात रचना अभियंत्याने धुराडे सारख्या जाडीची पोकळ नळी धरले. पोलादात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ५,१०० मीटर, नळीची त्रिज्या १.६ मीटर, उंची ८० मीटर. यांवरून पहिला प्रकार ०.५ हर्ट्झच्या आसपास निघाला. आतल्या अस्तराचे वजन धरले, की तो थोडा खाली येतो. एवढ्या ढोबळ गणितातूनही ३ हर्ट्झ कुठेच बसत नव्हते. हे गणित अर्ध्या पानाचे होते आणि मसुद्याआधीही करता आले असते.

मग गणितवहीचा तक्ता कुठल्या एककात आहे, हे निश्चित करायचे राहिले. वहीत पुढच्या पानावर त्याच आकड्याचा वर्ग थेट वस्तुमानाने गुणून कडकपणा काढलेला होता. ते सूत्र केवळ रेडियन प्रति सेकंद घातले तरच चालते; हर्ट्झ घालायचे, तर त्यात २π चा वर्ग, म्हणजे ३९.५, आणावा लागतो. तो नव्हता. एकक अशा प्रकारे वापरावरून सिद्ध झाले.

येथे थोडे थांबून एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. किलोहर्ट्झ, मेगाहर्ट्झ, मिलिहर्ट्झ यांचे रूपांतर दशांशचिन्ह सरकवण्याचे काम आहे आणि त्यातली चूक हजारांच्या पटीत असल्याने ती सहसा स्वतःच ओरडते. रेडियन प्रति सेकंद, मिनिटाला फेरे आणि हर्ट्झ यांच्यामधील गुणक ६.२८ आणि ६० असे मधल्या आकाराचे आहेत. चुकीचे उत्तरही शक्यतेच्या टप्प्यात राहते. त्यात रेडियनला परिमाण नसल्याने हर्ट्झ आणि रेडियन प्रति सेकंद या दोहोंचे परिमाण ‘सेकंदाचा व्यस्त’ एवढेच ठरते आणि परिमाणांचा ताळा घेऊन ही चूक पकडता येत नाही. हर्ट्झ हे नाव आंतरराष्ट्रीय विद्युत तंत्र आयोगाने १९३० च्या दशकात स्वीकारले आणि १९६० च्या मापन परिषदेत ते एककांच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत आले. कोनीय वारंवारिता हर्ट्झमध्ये लिहू नये, हा या पद्धतीतला संकेत नेमका याच घोटाळ्यासाठी आहे. एकक न लिहिलेल्या तक्त्यापुढे मात्र तो संकेत हतबल ठरतो.

निष्पत्ती

अहवाल मागे घेऊन नव्याने लिहिला गेला. क्रांतिक वेग ७.७ मीटर प्रति सेकंद ठरला आणि काहीतरी उपाय हवा, यावर दुमत राहिले नाही. टोकाशी टांगता अवमंदक की सर्पिल पट्ट्या, याचा विचार करताना लंबकाच्या लांबीचे गणित केले गेले. गुरुत्वत्वरणाला कोनीय वारंवारितेच्या वर्गाने भागले, की लांबी मिळते, आणि येथे ३.०२ हा आकडा तसाच घालायचा असतो : उत्तर १.०८ मीटर. तोच आकडा हर्ट्झ समजून आधी २π ने गुणला असता, तर लांबी २७ मिलिमीटर आली असती आणि ८० मीटरच्या धुराड्याला बोटभर लांबीचा लंबक पाहून कोणीही थबकले असते. पथकाने हे दुसरे गणित मुद्दाम अहवालात ठेवले, कारण चुकीच्या एककाचा असा हास्यास्पद परिणाम वाचणाऱ्याच्या ध्यानात राहतो.

अखेरीस वरच्या एक-तृतीयांश उंचीवर तीन सर्पिल पट्ट्या बसवण्यात आल्या आणि वाढलेल्या वाऱ्याच्या दाबासाठी पायाच्या बोल्टांची ताकद आधी तपासून घेतली गेली. पुढील नोंदींत मध्यम वाऱ्यातले लयबद्ध झुलणे दिसेनासे झाले.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत स्वस्त उपाय पहिल्या दिवशीच हाताशी होता : तक्त्याचे एकक लिहिलेले नाही, हे दिसताच ते ठरवून मगच पुढे जाणे. आज्ञावलीला ‘अनोळखी एकक आले तर थांब’ असे शिकवणाऱ्या पथकाने कागदावरच्या तक्त्याला तोच नियम लावला नाही. मात्र हा दोष एका व्यक्तीच्या माथी मारणे बरोबर होणार नाही. तक्ता रचना अभियंत्याकडून मापन अभियंत्याकडे आकड्यांच्या रूपात गेला आणि प्रत्येकाने आपापल्या सवयीचे एकक त्याला जोडले. रचनेची गणिते करणाऱ्याच्या डोक्यात रेडियन असतात, मापन करणाऱ्याच्या डोक्यात हर्ट्झ आणि यंत्रांची देखभाल करणाऱ्याच्या डोक्यात मिनिटाचे फेरे.

फिल्टरची ओळ काढण्याचा निर्णय चुकीचा नव्हता. त्याची नोंद न ठेवणे चुकीचे होते. उपकरणाची प्रत्यक्ष मांडणी प्रत्येक नोंदीसोबत साठवली गेली असती, तर मसुदा तपासणाऱ्याला ‘१ हर्ट्झखाली काहीच नाही’ याचे कारण पाहता आले असते. आता पथक तसे करते आणि साठवताना सर्व वारंवारिता हर्ट्झ या एकाच एककात ठेवते. मिली, किलो, मेगा हे उपसर्ग पडद्यावर दाखवतानाच येतात. कोनीय वारंवारितेसाठी वेगळ्या नावाचा वेगळा स्तंभ आहे. या व्यवस्थेवर आक्षेप एवढाच घेता येईल, की ०.००३ आणि २४०,००,००,००० असे आकडे एकाच स्तंभात वाचायला त्रासाचे होतात. पण ते वाचण्याचे काम आज्ञावलीचे आहे, माणसाचे नाही.

दोन स्वतंत्र मार्गांचा दुजोरा किती स्वतंत्र होता, हा प्रश्न मात्र अजून पुरता सुटलेला नाही. तीनही शिखरे तक्त्यातील तीनही आकड्यांशी जुळवून पाहण्याची अट आता तपासणीत घातली आहे. ती आधी असती, तर १८.९ आणि ५२.९ यांनी तेव्हाच हात वर केला असता. तरीही काही रचनांत एकच शिखर मोजता येते आणि तेथे ही अट उपयोगाची नाही. अशा वेळी आवर्तनकाल सेकंदांत काढून तो प्रत्यक्ष पाहून ताडता येतो का, हे विचारणे पथकाने नियमात बसवले आहे. १ हर्ट्झच्या खालच्या वारंवारितेसाठी हे सहज शक्य असते. काही हर्ट्झच्या पुढे डोळ्यांचा उपयोग संपतो आणि पुन्हा कागदावरच्या ढोबळ गणिताकडे वळावे लागते.

मूळ गणितवहीच्या तक्त्यावर आता मथळ्यात एकक लिहिलेले आहे, बाजूला हर्ट्झमधला स्तंभ जोडला आहे आणि पट्ट्यांच्या वजनामुळे पहिली वारंवारिता ४८० वरून ४६५ मिलिहर्ट्झवर आल्याची नोंद त्याखाली केली आहे.